सेल्सफोर्सचा मेटाडेटा एपीआय: नाशिकच्या नव्या ॲडमिनसाठी पायरीवार मार्गदर्शक

अंबड-सातपूरच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांत नव्याने लागलेल्या मुलामुलींना सेल्सफोर्सच्या (कंपन्यांच्या ग्राहक-व्यवहाराच्या नोंदी ठेवणारं ऑनलाइन सॉफ्टवेअर) सेटअपमध्ये ऑब्जेक्ट (नोंदींचा तक्ता) तयार करणं, फील्ड (त्यातला रकाना) टाकणं, लेआउट ओढून बसवणं हे सगळं चांगलं येतं. गाडी अडते ती पुढे. सँडबॉक्समध्ये (सरावाच्या प्रतीत) केलेलं काम प्रॉडक्शनला (लोक रोज वापरतात त्या खऱ्या प्रतीत) न्यायचं कसं, हे कुणी नीट शिकवलेलं नसतं. मग एका खिडकीत सँडबॉक्स, दुसऱ्या खिडकीत प्रॉडक्शन उघडून एकेक फील्ड हाताने पुन्हा टाइप होतं, आणि चाळिसाव्या फील्डला स्पेलिंग चुकतं.

हे काम फाईलमधून करण्याची सोय म्हणजे मेटाडेटा एपीआय. त्याचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: मागाल तेवढंच देतो, आणि द्याल तसंच बसवतो. तुम्हाला काय म्हणायचं होतं याचा तो अंदाज बांधत नाही. या लेखातले बहुतेक खड्डे याच स्वभावातून आलेले आहेत, त्यामुळे हे वाक्य डोक्यात ठेवूनच पुढे वाचा.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक ऑर्ग, म्हणजे एका कंपनीचं सेल्सफोर्समधलं खातं, घेऊ. दिंडोरीच्या बाजूचं, द्राक्षं निर्यात करणारं एक पॅकहाऊस. त्यांच्या ऑर्गमध्ये दोन कस्टम ऑब्जेक्ट आहेत, बागायतदार आणि प्लॉट. प्लॉट हा बागायतदाराला मास्टर-डिटेल नात्याने जोडलेला, म्हणजे बागायतदाराशिवाय प्लॉटची नोंद होतच नाही. प्लॉटवर वाण, गोडी छाटणीची तारीख, अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या द्राक्षबागांच्या नोंदणी प्रणालीतला क्रमांक अशी फील्डं आहेत. मालकांची नवी मागणी अशी: शेवटच्या फवारणीची तारीख नोंदवता यावी, आणि फवारणीनंतर ठरावीक दिवस उलटल्याशिवाय तोडणीची तारीख सेव्हच होऊ नये. युरोपला माल जायचा तर औषधाच्या अंशाची मर्यादा पाळावी लागते, तेव्हा ही मागणी हौसेची नाही.

एक खुलासा. कमांड आणि फाईलची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

१. हे काम मेटाडेटा एपीआयचं आहे का, ते आधी बघा

ऑब्जेक्ट, फील्ड, लेआउट, व्हॅलिडेशन रूल (चुकीची नोंद अडवणारा नियम), फ्लो (आपोआप चालणारी कामं), परमिशन सेट (परवानग्यांचा गठ्ठा), ॲपेक्स (सेल्सफोर्सची प्रोग्रामिंग भाषा) कोड, रिपोर्ट हे सगळं मेटाडेटा. बागायतदारांची नावं, प्लॉटच्या नोंदी, लॉटचे आकडे हा डेटा, आणि डेटाला मेटाडेटा एपीआय हात लावत नाही. त्यासाठी डेटा लोडर वगैरे वेगळी साधनं आहेत. मुलाखतीत हे सगळ्यांना सांगता येतं. तरी पहिल्या डिप्लॉयनंतर, म्हणजे बदल दुसऱ्या ऑर्गमध्ये बसवल्यावर, "ऑब्जेक्ट आला, पण रेकॉर्ड कुठे गेले?" हा प्रश्न येतोच.

मधली एक जागा मात्र कामाची आहे. कोणत्या औषधानंतर किती दिवस थांबायचं, हा तक्ता कस्टम सेटिंगमध्ये ठेवलात तर त्यातल्या ओळी प्रॉडक्शनला वेगळ्या भराव्या लागतील. तोच तक्ता कस्टम मेटाडेटा टाइपमध्ये ठेवला तर त्याच्या ओळीसुद्धा मेटाडेटा धरल्या जातात आणि डिप्लॉयबरोबर जातात. नियमांचे, दरांचे, दिवसांचे तक्ते तिथेच ठेवा.

सेटअपमधली प्रत्येक गोष्ट या एपीआयमधून नेता येतेच असंही नाही. सेल्सफोर्स मेटाडेटा कव्हरेज रिपोर्ट नावाचं पान ठेवतं. काय चालतं आणि काय नाही, ते तिथे बघून घ्या. जे चालत नाही त्याची हाताने करायची यादी वेगळी लिहून ठेवा, नाहीतर गो-लाइव्हच्या दिवशी ती आठवत बसावी लागते.

चेंज सेट (सेटअपमधूनच बदल पाठवायची सोय) वापरून का नको, असंही कुणी विचारेल. लहान कामाला चालतो. पण तो फक्त एकमेकांना जोडलेल्या सँडबॉक्स-प्रॉडक्शनमध्येच फिरतो, त्यातून काही डिलीट करता येत नाही, आणि मागच्या महिन्यात नक्की काय बदललं हे सांगणारी फाईल तुमच्या हातात राहत नाही.

२. जमवाजमव

साधनं:
– व्हीएस कोड आणि त्यातला सेल्सफोर्स एक्स्टेन्शन पॅक
– सेल्सफोर्स सीएलआय, म्हणजे टर्मिनलमधली एसएफ ही कमांड
– गिट, म्हणजे फाईलमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं साधन. एकटेच काम करत असाल तरीही.
– ॲपेक्स कोडला हात लावणार असाल तर मशीनवर जावा

कागदपत्रं आणि परवानग्या:
– ग्राहकाची मागणी लेखी. व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज हा दस्तऐवज नाही. तो ऐकून चार ओळींची ईमेल लिहा आणि "हो" असं उत्तर मिळवा.
– ऑर्गची एडिशन कोणती. एंटरप्राइझ, अनलिमिटेड, परफॉर्मन्स आणि डेव्हलपर एडिशनमध्ये मेटाडेटा एपीआय असतो. प्रोफेशनल एडिशनला एपीआयची सोय वेगळी घ्यावी लागते, म्हणून हे काम स्वीकारण्याआधी विचारा.
– तुमच्या युझरला "एपीआय एनेबल्ड" आणि "मॉडिफाय मेटाडेटा थ्रू मेटाडेटा एपीआय फंक्शन्स" या परवानग्या. ॲपेक्स न्यायचा असेल तर "ऑथर ॲपेक्स" सुद्धा.
– सँडबॉक्स. डेव्हलपर सँडबॉक्समध्ये २०० एमबी डेटा मावतो आणि तो रोज रिफ्रेश करता येतो. फुल सँडबॉक्स एकदा रिफ्रेश केला की पुन्हा करायला २९ दिवस थांबावं लागतं.

सरावासाठी फुकटची डेव्हलपर एडिशन घ्या. तिला सँडबॉक्स मिळत नाही, म्हणून दोन वेगवेगळ्या डेव्हलपर ऑर्ग उघडा आणि एकीतून दुसरीत काम नेऊन बघा. युझरनेम ईमेलसारखं दिसावं लागतं, सगळ्या सेल्सफोर्समध्ये एकमेव असावं लागतं, पण तो ईमेल पत्ता खराखुरा असण्याची गरज नाही. एकाच खऱ्या ईमेलवर दोन्ही ऑर्ग चालतात.

३. लॉगिन आणि प्रोजेक्ट

"एसएफ प्रोजेक्ट जनरेट" या कमांडने रिकामा प्रोजेक्ट तयार होतो. मग "एसएफ ऑर्ग लॉगिन वेब" ने ब्राउझर उघडून लॉगिन करा. प्रॉडक्शन आणि डेव्हलपर एडिशनचं लॉगिन "लॉगिन डॉट सेल्सफोर्स डॉट कॉम" वर होतं. सँडबॉक्ससाठी "टेस्ट डॉट सेल्सफोर्स डॉट कॉम" हा पत्ता इन्स्टन्स यूआरएल म्हणून द्यावा लागतो. सँडबॉक्समध्ये युझरनेमच्या शेवटी टिंब आणि सँडबॉक्सचं नाव जोडलेलं असतं. पासवर्ड बरोबर असून लॉगिन होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा या दोनांपैकीच एक भानगड असते.

प्रत्येक ऑर्गला टोपणनाव द्या, आणि प्रॉडक्शनचं टोपणनाव टाइप करताना बोट अडखळेल असं ठेवा. "प्रॉड" हे चार अक्षरी नाव सवयीने टाइप होतं. ग्राहकाच्या नावासकट "लाइव्ह-सावधान" असं काहीतरी ठेवलं तर हात आपोआप थांबतो. डीफॉल्ट ऑर्ग म्हणून प्रॉडक्शन कधीच लावू नका.

४. पॅकेज फाईल: काय मागायचं त्याची यादी

पॅकेज डॉट एक्सएमएल ही या सगळ्याची किल्ली. ही फाईल म्हणजे वाण्याच्या दुकानात द्यायची यादी: लिहिलंय ते मिळेल, "आणि नेहमीचं सामान" असं लिहिलंत तर दुकानदार बघत राहील. आत प्रत्येक प्रकारासाठी एक गट असतो. गटात प्रकाराचं नाव आणि हव्या असलेल्या घटकांची नावं. सगळ्यात शेवटी एपीआयचा आवृत्ती क्रमांक.

घटकाच्या जागी फुली, म्हणजे तारांकित चिन्ह टाकलं की त्या प्रकारातलं सगळं येतं, असं शिकवलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कस्टम ऑब्जेक्ट या प्रकाराला फुली लावली तर कस्टम ऑब्जेक्ट येतात. अकाउंट, कॉन्टॅक्ट, ऑपॉर्च्युनिटी हे स्टँडर्ड ऑब्जेक्ट येत नाहीत, ते नावाने मागावे लागतात. रिपोर्ट, डॅशबोर्ड, ईमेल टेम्प्लेट हे फोल्डरमध्ये राहतात आणि तिथे फुली चालत नाही. फोल्डरचं नाव, तिरकी रेघ, मग रिपोर्टचं नाव असं लिहावं लागतं. इंडस्ट्रीसारख्या स्टँडर्ड पिकलिस्टमधले (यादीतून निवडायच्या फील्डमधले) पर्याय "स्टँडर्ड व्हॅल्यू सेट" या वेगळ्याच प्रकारात असतात, तिथेही नावानेच मागा.

लेआउटचं नाव हा आणखी एक चकवा. ते ऑब्जेक्टचं एपीआय नाव, आडवी रेघ आणि लेआउटचं नाव असं जोडून असतं. लेआउटच्या नावात कंस असले तर फाईलमध्ये त्यांच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि आकडे दिसतात. घाबरू नका, दिसतं तसंच्या तसं ठेवा.

ही यादी हाताने लिहायला जमत नसेल तर "एसएफ प्रोजेक्ट जनरेट मॅनिफेस्ट" ला "फ्रॉम ऑर्ग" हा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) देऊन ऑर्गमधल्या सगळ्या गोष्टींची यादी काढता येते. ती वाचायला छान. पण ती तशीच्या तशी डिप्लॉयला वापरू नका. एका फेरीत १०,००० फाईल आणि ३९ एमबीची झिप इतकीच मर्यादा आहे, हे एक कारण. मोठं कारण असं की तुम्ही न बदललेल्या शेकडो गोष्टी उगाच प्रॉडक्शनवर पुन्हा लिहिल्या जातात.

आवृत्तीचं म्हणाल तर सेल्सफोर्सच्या वर्षाला तीन रिलीज येतात, स्प्रिंग, समर आणि विंटर, आणि दर रिलीजला आकडा एकने वाढतो. स्प्रिंग २०२४ ला तो ६०.० होता. प्रिव्ह्यूमधले सँडबॉक्स प्रॉडक्शनच्या काही आठवडे आधी पुढच्या रिलीजवर जातात. त्या काळात सँडबॉक्सची नवी आवृत्ती लिहून प्रॉडक्शनला न्यायला गेलात तर प्रॉडक्शनला ती ओळखताच येत नाही. दोहोंतली लहान आवृत्ती लिहा.

५. रिट्रीव्ह, आणि आलेलं नीट वाचा

रिट्रीव्ह म्हणजे ऑर्गमधला मेटाडेटा आपल्या मशीनवर फाईलमध्ये आणणं. "एसएफ प्रोजेक्ट रिट्रीव्ह स्टार्ट" ला ती पॅकेज फाईल द्या. काही क्षणांत फोल्डर भरेल. खाली हिरव्या अक्षरांत यश दिसलं म्हणून पुढे पळू नका. मागितलेला घटक सापडला नाही तर एपीआय अडत नाही, फक्त एक इशारा छापतो आणि बाकीचं आणून देतो. नावात एक अंडरस्कोअर कमी पडला की रिट्रीव्ह "यशस्वी" आणि फाईल गायब. इशाऱ्यांची यादी दर वेळी वाचा.

सीएलआयच्या प्रोजेक्टमध्ये ऑब्जेक्टचे तुकडे केलेले दिसतील: प्लॉटचं फोल्डर, त्यात फील्ड्सचं फोल्डर, प्रत्येक फील्डची वेगळी फाईल. याला सोर्स फॉरमॅट म्हणतात. जुन्या पद्धतीत एका ऑब्जेक्टची एकच लांबलचक फाईल असायची, तो मेटाडेटा फॉरमॅट. जुने लेख वाचताना फाईल जुळत नाहीत त्या यामुळे. तुकड्यांची पद्धत चांगलीच आहे. गिटमध्ये कुणी कोणतं फील्ड बदललं ते एका नजरेत कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हीच पॅकेज फाईल वापरून प्रॉडक्शनमधूनही रिट्रीव्ह करा आणि ते गिटमध्ये वेगळं जपून ठेवा. मेटाडेटा एपीआयमध्ये "मागे घ्या" असं बटण नाही. उद्या काही बिघडलं तर जुनी फाईल पुन्हा डिप्लॉय करणं हाच उपाय, आणि त्यासाठी जुनी फाईल हातात असावी लागते. शिवाय प्रॉडक्शनमध्ये कुणीतरी परस्पर केलेले बदल इथेच उघडे पडतात. पॅकहाऊसच्या ऑफिसमधल्या एखाद्या हुशार माणसाने लेआउटवर दोन फील्डं हलवलेली असतात, आणि तुम्ही सँडबॉक्सचा लेआउट वरून टाकलात की त्याचं काम पुसलं जातं.

६. बदल करताना

सोपा मार्ग असा की बदल सँडबॉक्सच्या सेटअपमध्ये क्लिक करून करा आणि मग रिट्रीव्ह करा. फाईल हाताने लिहिणं नंतर आपोआप जमतं. पण फाईल वाचता यायलाच हवी, म्हणून आपल्या नव्या फील्डची फाईल उघडून बघू.

वर फुल नेम: लास्ट अंडरस्कोअर स्प्रे अंडरस्कोअर डेट, आणि शेवटी दोन अंडरस्कोअर नि सी. हे शेपूट कस्टम असल्याची खूण. खाली लेबल: "शेवटच्या फवारणीची तारीख". त्याखाली प्रकार, डेट. हे शेपूट सोडून एपीआय नाव इंग्रजी अक्षरांनी सुरू व्हावं लागतं, त्यात अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं, सलग दोन अंडरस्कोअर किंवा शेवटी अंडरस्कोअर चालत नाही. लेबल मात्र मराठीत खुशाल ठेवा. फक्त फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झाली पाहिजे, नाहीतर प्रॉडक्शनला प्रश्नचिन्हांची रांग दिसते. व्हीएस कोड मुळातच यूटीएफ-८ वापरतो.

लेबलची मर्यादा ४० वर्णांची आहे आणि इथे देवनागरीचा हिशोब वेगळा पडतो. मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं स्वतंत्र मोजलं जातं. "द्राक्ष" डोळ्याला दोन अक्षरं, यंत्राला सात. तेव्हा "द्राक्ष बागायतदार नोंदणी क्रमांक" हे लेबल ३२ वर जातं, आणि त्यात "ग्रेपनेट" जोडायला गेलात की मर्यादा ओलांडते. लेबलं आखूड ठेवा.

ज्यांना इंग्रजी आणि मराठी दोन्ही हवंय त्यांनी लेबल इंग्रजीत ठेवून ट्रान्सलेशन वर्कबेंचमधून मराठी द्यावं. सेल्सफोर्समध्ये मराठी ही प्लॅटफॉर्म भाषा आहे, म्हणजे मूळ बटणं-मेनू मराठीत होत नाहीत, पण तुमच्या कस्टम गोष्टींची भाषांतरं देता येतात. ती "कस्टम ऑब्जेक्ट ट्रान्सलेशन" या प्रकारात येतात आणि पॅकेजमध्ये वेगळी मागावी लागतात.

नाव बदलण्याचा मोह टाळा. लेबल कधीही बदला, काही बिघडत नाही. पण फाईलमध्ये फुल नेम बदलून डिप्लॉय केलंत तर एपीआयच्या दृष्टीने ते नवंकोरं फील्ड आहे. जुनं फील्ड डेटासकट तिथेच राहतं, शेजारी नवं रिकामं उभं राहतं, आणि रिपोर्टमध्ये निम्म्या तारखा दिसतात. एपीआय नाव बदलायचंच असेल तर ते प्रत्येक ऑर्गच्या सेटअपमधून बदला, मग रिट्रीव्ह करा.

आता व्हॅलिडेशन रूल. नवख्यांचा गोंधळ असा की ते बरोबर असण्याची अट लिहितात. इथे उलटं आहे: फॉर्म्युला खरा ठरला की सेव्ह अडतं. म्हणजे "तोडणीची तारीख वजा फवारणीची तारीख, ठरलेल्या दिवसांपेक्षा कमी" हे लिहायचं. फाईलमध्ये हाताने लिहिताना "पेक्षा कमी"चं चिन्ह तसंच टाकता येत नाही, कारण एक्सएमएलला तो नव्या टॅगचा आरंभ वाटतो. त्याजागी ॲम्परसँड, एल, टी आणि सेमीकोलन असं लिहावं लागतं. खुद्द ॲम्परसँडचंही तेच, त्याला ॲम्परसँड, ए, एम, पी, सेमीकोलन. सेटअपमधून रूल करून रिट्रीव्ह केलात तर हे सगळं आपोआप होतं. चूक दाखवणारा संदेश २५५ वर्णांत बसवा, आणि तो तोडणीच्या नोंदी करणाऱ्या सुपरवायझरला कळेल असा लिहा. "व्हॅलिडेशन एरर" एवढं दिसलं की तो तुम्हाला फोन लावणार.

७. परवानग्या: जिथे निम्मे लोक अडकतात

प्रॉडक्शनला डिप्लॉय झालं, हिरवी खूण आली, आणि पाच मिनिटांत ग्राहकाकडून फोन:

"सर, ते फवारणीचं खातं दिसतच नाहीये."

"लेआउटवर आहे का बघा ना भाऊ."

"कुठंच नाही. मालकांच्या लॉगिनलाही नाही."

एपीआयमधून गेलेल्या नव्या फील्डला सुरुवातीला कुणाचीच फील्ड-लेव्हल परवानगी (ते फील्ड बघण्या-बदलण्याची) नसते. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरलासुद्धा नाही. सेटअपमध्ये फील्ड करताना तो चौकोनांचा पडदा येतो ना, तो इथे येत नाही. परवानगी तुम्हीच पॅकेजमध्ये पाठवायची. "नो सच कॉलम" अशी चूक एखाद्या क्वेरीत आली तर फील्ड नसण्याआधी परवानगी नसण्याचा संशय घ्या.

परवानग्या परमिशन सेटमधूनच द्या, प्रोफाइलमधून (प्रत्येक युझरला लावलेल्या मूळ परवानग्यांमधून) नाही. कारण प्रोफाइल रिट्रीव्ह करणं फार फसवं आहे: प्रोफाइलच्या फाईलमध्ये फक्त त्याच पॅकेजमध्ये मागितलेल्या ऑब्जेक्ट-फील्डच्या परवानग्या येतात. नुसतं प्रोफाइल मागितलंत तर अर्धवट सांगाडा येतो, आणि तीच पूर्ण परवानग्यांची फाईल आहे असं समजून लोक गिटमध्ये चुकीचं लिहून ठेवतात. एपीआय ४०.० पासून परमिशन सेट पूर्ण येतो.

परमिशन सेटमध्ये एक उलटा खड्डाही आहे. रिक्वायर्ड फील्ड आणि मास्टर-डिटेल फील्ड यांना फील्ड-लेव्हल परवानगी नसतेच, ती कायम दिसतात. प्लॉटमधलं बागायतदार हे नातं परमिशन सेटच्या फाईलमध्ये लिहिलंत तर डिप्लॉय थांबतो आणि "यू कॅनॉट डिप्लॉय टू अ रिक्वायर्ड फील्ड" असा संदेश येतो. ती ओळ काढून टाका, संपलं. आधी साधं असलेलं फील्ड नंतर रिक्वायर्ड केलं की हीच चूक उगवते.

८. व्हॅलिडेट करा, मगच हात लावा

"एसएफ प्रोजेक्ट डिप्लॉय व्हॅलिडेट" ही कमांड सगळं तपासते, टेस्ट (ॲपेक्स कोड नीट चालतो का ते तपासणारा कोड) चालवते, पण ऑर्गमध्ये काहीच बदलत नाही. टेस्ट पास झाल्या की ते व्हॅलिडेशन १० दिवस वापरता येतं. ठरलेल्या वेळी "एसएफ प्रोजेक्ट डिप्लॉय क्विक" ला त्या व्हॅलिडेशनचा क्रमांक, म्हणजे जॉब आयडी, दिला की टेस्ट पुन्हा न चालवता बदल बसतात. दुपारी आरामात व्हॅलिडेट करायचं आणि रात्री पॅकहाऊस बंद झाल्यावर काही मिनिटांत क्विक डिप्लॉय, ही माझी आवडती रीत. "डिप्लॉय स्टार्ट" ला "ड्राय रन" फ्लॅग लावूनही तपासणी होते, पण तिच्यावरून क्विक डिप्लॉय करता येत नाही. रात्री अकराला हे कळणं वाईट.

प्रॉडक्शनला ॲपेक्स कोड न्यायचा असेल तर कोडचा किमान ७५ टक्के भाग टेस्टमधून गेलेला असावा लागतो. पॅकेजमध्ये फक्त फील्ड आणि व्हॅलिडेशन रूल असेल तर डिप्लॉय स्टार्टमध्ये टेस्ट आपणहून चालत नाहीत, आणि इथे एक उशिरा फुटणारा बॉम्ब असतो. तुमच्या नव्या रूलमुळे ऑर्गमधल्या जुन्या टेस्ट, ज्या बेधडक तारखा टाकून प्लॉट तयार करतात, त्या मोडलेल्या असू शकतात. आज काही दिसत नाही. दोन महिन्यांनी दुसरा कुणी साधा क्लास न्यायला जातो आणि त्याचा डिप्लॉय तुमच्या रूलवर आपटतो. म्हणून कोड नसला तरी "रन लोकल टेस्ट्स" ही पातळी लावूनच तपासा.

चुकांची यादी लांब आली तर वरून खाली एकेक सोडवत बसू नका. "अमुक नावाचं कस्टम फील्ड सापडलं नाही" अशी ओळ शोधा. एक फील्ड पॅकेजमधून सुटलं की त्यावर अवलंबून असलेला लेआउट, रूल, फ्लो, परमिशन सेट सगळे रडतात. ते एक टाकलं की निम्मी यादी गळते.

९. डिप्लॉय

डिप्लॉय सर्व्हरवर चालतो. तुमच्या लॅपटॉपचं काम फक्त चौकशी करत राहण्याचं. म्हणून मध्येच वायफाय गेलं, लाइट गेली, तरी पलीकडे काम चालूच असतं. घाबरून पुन्हा डिप्लॉय मारू नका. जॉब आयडी घेऊन "एसएफ प्रोजेक्ट डिप्लॉय रिपोर्ट" विचारा, किंवा सेटअपमध्ये डिप्लॉयमेंट स्टेटसचं पान उघडा. तिथे रद्द करायचीही सोय आहे.

प्रॉडक्शनमध्ये एक घटक जरी नापास झाला तरी सगळंच मागे घेतलं जातं, अर्धवट काही राहत नाही. सँडबॉक्समध्ये चुका बाजूला ठेवून पुढे जाण्याचा फ्लॅग असतो. त्या सवयीने "माझ्याकडे तर गेलं होतं" म्हणणारे बरेच भेटतात.

वरून लिहिणं म्हणजे नक्की काय, तेही प्रकारागणिक वेगळं आहे. ऑब्जेक्टच्या फाईलमध्ये एखादं फील्ड नसलं म्हणून ते प्रॉडक्शनमधून डिलीट होत नाही, तसंच राहतं. लेआउटचं तसं नाही. तुमच्या फाईलमध्ये जे नाही ते लेआउटवरून जातं. ॲपेक्स क्लासही पूर्ण बदलतो. फ्लोची नवी आवृत्ती तयार होते, पण प्रॉडक्शनमध्ये ती साधारणपणे बंद अवस्थेत येते. ती थेट चालू यावी यासाठी प्रोसेस ऑटोमेशन सेटिंग्जमध्ये वेगळं बटण आहे. ते लावलेलं नसेल तर डिप्लॉयनंतर फ्लो हाताने चालू करणं हे तुमच्या यादीत हवं.

१०. काढून टाकायचं असेल तर

फाईल फोल्डरमधून डिलीट केल्याने ऑर्गमधून काही जात नाही. काढायच्या गोष्टींची स्वतंत्र यादी लागते, डिस्ट्रक्टिव्ह चेंजेस डॉट एक्सएमएल. तिची रचना पॅकेज फाईलसारखीच, पण इथे फुली चालत नाही, प्रत्येक नाव लिहावं लागतं. ही मर्यादा फार चांगली आहे. बरोबर एक पॅकेज फाईलही हवी, तिच्यात नुसता आवृत्ती क्रमांक असला तरी चालतो.

यादी "प्री" नावाने दिली तर आधी काढलं जातं, "पोस्ट" नावाने दिली तर नवं बसल्यावर. जुन्या फील्डचा उल्लेख एखाद्या क्लासमध्ये असेल तर त्याच फेरीत क्लास सुधारा आणि फील्ड पोस्टमध्ये टाका, दोन फेऱ्या वाचतात.

डिलीट झालेलं कस्टम फील्ड १५ दिवस सेटअपमधल्या डिलीटेड फील्ड्समध्ये राहतं आणि तिथून परत आणता येतं. पण लेआउटवरची त्याची जागा परत येत नाही. मी तर फील्ड काढण्याआधी एक महिना ते फक्त लेआउटवरून आणि परमिशन सेटमधून काढून ठेवायला सांगतो. कुणी ओरडलं नाही तर मग काढा.

११. झाल्यावर

ॲडमिनच्या लॉगिनने तपासणं पुरेसं नाही. सुपरवायझरच्या परमिशन सेटचा एक टेस्ट युझर घ्या आणि तीन नोंदी करून बघा: फवारणीला पुरेसे दिवस झालेला प्लॉट, न झालेला प्लॉट, आणि फवारणीची तारीखच न भरलेला प्लॉट. तिसऱ्याचं उत्तर ग्राहकाला आधीच विचारलेलं असावं. जुने प्लॉट सगळे त्याच अवस्थेत असतात, आणि तिथे सेव्ह अडवायचं की जाऊ द्यायचं हे मालकांनी ठरवायचं.

जॉब आयडी, तारीख, कोणत्या गिट कमिटमधून गेलं आणि हाताने काय केलं, या चार गोष्टी ग्राहकाच्या ईमेलला उत्तर म्हणून पाठवा.

राहिला वेळेचा प्रश्न. द्राक्षाच्या ऑर्गमध्ये जानेवारी ते मार्च नवं काही नेऊ नका. तोडणी, प्रीकूलिंग, कंटेनर यात लोक रात्री-अपरात्री तीच स्क्रीन वापरत असतात, आणि तेव्हा आलेलं एक नवं रिक्वायर्ड फील्ड गाडी गेटवर उभी करतं. मोठे बदल एप्रिलच्या खरड छाटणीनंतर घ्या, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत सँडबॉक्समध्ये लोकांना वापरायला द्या, आणि डिसेंबर उजाडायच्या आत प्रॉडक्शनला बसवून टाका. हंगामात चूक दुरुस्त करायची वेळ आलीच तर एका वेळी एकच घटक न्या, आणि फोनवर पॅकहाऊसमधला माणूस समोर स्क्रीन उघडून बसलेला असू द्या.